पिस्तूलवाला आणि कोर्ट नाका

श्रोतेहो, नमस्कार.

दुपारी ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर गेलात, तर टायपिंगवाल्यांभोवती माणसं दाटीवाटीनं उभी असतात. कुणाचा भाडेकरार, कुणाचं प्रतिज्ञापत्र. एखादे आजोबा मृत्युपत्राचा मसुदा डोळ्यांजवळ धरून वाचत असतात. यांना सरकारनं कसला दम दिलाय? मृत्युपत्र करा नाहीतर दंड भरा, असं कुठलाही कायदा म्हणत नाही.

इंग्रज कायदेतत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी नेमकं इथंच बोट ठेवलं. त्यांच्या आधी इंग्लंडमध्ये कायदेपंडित जॉन ऑस्टिन यांचा शब्द चाले: कायदा म्हणजे सार्वभौम सत्तेचा हुकूम आणि मागे शिक्षेची भीती. हार्ट म्हणाले, मग पिस्तूल रोखून पैसे मागणारा आणि सरकार यांत फरक काय? त्याला पाकीट देणं भाग पडतं, पण ते आपलं कर्तव्य होतं असं कुणी म्हणत नाही. आणि मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या नसल्या तर आजोबांना तुरुंगवास होत नाही, तो कागद निरुपयोगी ठरतो. कायदा इथं धमकावत नाही, अधिकार देतो. प्राध्यापक होण्याआधी हार्ट लंडनमध्ये ट्रस्ट आणि इस्टेटीच्या दाव्यांची वकिली करत, त्यामुळे असली कागदपत्रं त्यांच्या हाताखालून गेली असणारच.

‘द कन्सेप्ट ऑफ लॉ’ हे त्यांचं पुस्तक 1961चं. त्यातला मला सर्वांत आवडणारा भाग सवय आणि नियम यांतल्या फरकाचा. ठाणे लोकलमधली चौथी सीट घ्या. ‘जरा सरका’ म्हटल्यावर जो हलत नाही, त्याला सगळा डबा सुनावतो, आणि तोही कुरकुरत का होईना, सरकतो. रोज खिडकीत बसणारा एक दिवस दारात उभा राहिला, तर त्याला कुणी हटकत नाही. ती नुसती सवय. नियम मात्र लोक आतून मानतात, दुसऱ्याला टोकायला वापरतात. हार्ट यांच्या मते अख्ख्या कायदेव्यवस्थेच्या बुडाशी असंच काहीतरी असतं: कायदा कशाला म्हणायचं, याबद्दल न्यायाधीश आणि अधिकारी पाळत असलेली रीत.

त्यांचा प्रभाव वर्गापुरता राहिला नाही. समलैंगिक संबंध गुन्हा ठरवावेत का, यावर इंग्रज न्यायाधीश लॉर्ड डेव्हलिन यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. समाजाला एखादी गोष्ट अनैतिक वाटते, एवढ्यावरून शिक्षा देता येत नाही, ही हार्ट यांची बाजू. 2018 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानं कलम 377बाबत निकाल दिला, त्यात या वादाची चर्चा आहे.

आणि टीका? ऑक्सफर्डमध्ये त्यांच्या जागी आलेले रोनाल्ड ड्वॉर्किनच त्यांचे सर्वांत कडवे टीकाकार. नियमांपलीकडची तत्त्वं हार्ट यांनी लक्षात घेतली नाहीत, हा त्यांचा आक्षेप, आणि तो मला अजूनही वजनदार वाटतो. हार्ट 1992मध्ये गेले. ड्वॉर्किन यांना लिहायला घेतलेलं उत्तर अपुरंच राहिलं होतं. ते ‘द कन्सेप्ट ऑफ लॉ’च्या 1994च्या आवृत्तीत छापलं गेलं.