पल्प फिक्शन: नुसती स्टाइल, की आत काही आहे?

1994 चा मे महिना, कान फेस्टिवल. क्वेंटिन टॅरँटिनोच्या पल्प फिक्शनला पाम दोर, म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस, मिळालं, आणि तेव्हापासून पोस्टमॉडर्न, म्हणजे जुन्या शैली उसन्या घेऊन त्यांच्याशी खेळणाऱ्या सिनेमाचा विषय निघाला की हा पिक्चर निघतोच. खर्च साधारण 80 लाख डॉलर, जगभरची कमाई 20 कोटींच्या वर.

आता हा रेस्टॉरंटचा सीन बघा. जॅक रॅबिट स्लिम्स. जुन्या गाड्यांमध्ये टेबलं बसवलीयेत, एक वेट्रेस मेरिलिन मन्रो बनून फिरतीये, ऑर्डर घ्यायला आलेला बडी हॉली (पन्नासच्या दशकातला रॉक गायक) म्हणजे नट स्टीव्ह बुशेमी, जो टॅरँटिनोच्या आधीच्या पिक्चरमध्ये टिप देणार नाही म्हणून अडून बसला होता (इथे बिचारा स्वतःच वेटर!). सगळा माहोल पन्नासच्या दशकाचा, पण पोस्टरवरच्या, पिक्चरमधल्या पन्नासचा. मग ट्विस्टच्या कॉन्टेस्टला जॉन ट्रॅव्होल्टा नुसत्या मोज्यांवर उतरतो आणि 1977 च्या सॅटर्डे नाइट फीवरमध्ये नाचणारा तोच सडपातळ पोरगा आठवतोच आठवतो.

फ्रेड्रिक जेमसन हा अमेरिकन समीक्षक असल्या कलेबद्दल ऐंशीच्या दशकातच बोलून गेला होता, की जुन्या शैलींची नक्कल करायची पण त्यात ना चिमटा ना टोला, नुसती कोरी नक्कल, म्हणजे पास्टिश. रेस्टॉरंटपुरतं हे पटतं. पण ज्यूल्सचं काय?

ज्यूल्स हा गुंड, म्हणजे सॅम्युअल एल. जॅक्सन, गोळी घालायच्या आधी यहेज्केलमधलं वचन गर्जून म्हणतो. त्यातलं बरंचसं बायबलमध्ये नाहीच, ते आलंय सॉनी चिबाच्या एका जपानी मारधाडपटातून! म्हणजे वचनसुद्धा उसनं. आणि तरी शेवटी डायनरमध्ये, समोर लुटायला आलेला भुरटा चोर बसलाय, हातात पिस्तूल आहे, तेव्हा हाच ज्यूल्स म्हणतो की याचा अर्थ काय याचा मी कधी विचारच केला नव्हता, ऐकायला खुनशी वाटायचं म्हणून म्हणायचो. आणि मग तो विचार करायला लागतो, मोठ्याने, आपल्यासमोर, की यातला दुष्ट कोण, मेंढपाळ कोण, आणि मी कोण. उसनवारीच्या डायलॉगमध्ये माणूस खरा अर्थ शोधतोय, आणि चोराला सोडून देतो.

त्याच दिवशी सकाळी ज्यूल्स आणि त्याचा जोडीदार व्हिन्सेंट या दोघांवर जवळून गोळ्या झाडल्या गेल्या, एकही लागली नाही. ज्यूल्स म्हणतो देवाची करणी, धंदा सोडतो. व्हिन्सेंट, म्हणजे ट्रॅव्होल्टा, म्हणतो नशीब. तो पुढे टॉयलेटमधून बाहेर येताना बुच या बॉक्सरच्या हातून मरतो, आणि पिक्चर सरळ क्रमाने जात नसल्यामुळे हे आपण आधीच पाहिलेलं असतं, त्यामुळे डायनरमधली त्याची टिंगल ऐकताना घशात काहीतरी अडकतं. सरळ क्रमाने लावला असता तर पिक्चर संपला असता बुच आणि त्याची मैत्रीण मोटरसायकलवर पळून जातात तिथे, म्हणजे मस्त गँगस्टरपट झाला असता, पण ज्यूल्सचा निर्णय मधेच कुठेतरी हरवला असता.