पहिले 72 तास

हा सीटी स्कॅन पाहा. मेंदूच्या तळाशी एरवी काळी दिसणारी पाण्याची जागा इथे पांढरी झाली आहे, एखाद्या चांदणीसारखी. हे रक्त आहे. धमनीवरचा फुगवटा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, फुटला आहे.

पहिल्या सहा तासांत काढलेला सीटी हे रक्त सहसा चुकवत नाही. पण मेंदूच्या पेशींवर काय बेतलं, ते त्यात फारसं कळत नाही.

फुगवटा फुटतो त्या क्षणी कवटीतला दाब एकदम चढतो. इतका, की मेंदूला जाणारं रक्त काही काळ जवळजवळ थांबू शकतं. माणूस उभ्या जागी कोसळतो तो बऱ्याचदा यामुळेच. पेशींची ऊर्जा संपते, सोडियम बाहेर टाकणारे पंप बंद पडतात, पाणी आत शिरतं आणि पेशी सुजतात. पहिल्या 72 तासांतल्या या हानीला डॉक्टर 'अर्ली ब्रेन इंज्युरी' म्हणतात.

एमआरआयचं डिफ्युजन तंत्र पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपतं. सुजलेल्या पेशींमध्ये ती हालचाल मंदावते आणि तेवढा भाग पडद्यावर पांढरा उजळतो. 1990 साली संशोधक मायकेल मोझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यावर तासाभराच्या आत हा बदल दिसतो. नेहमीच्या एमआरआयला त्यासाठी कित्येक तास लागायचे.

तरीही या रक्तस्रावात बरीच वर्षं सगळ्यांचं लक्ष पुढच्या धोक्यावर होतं. चौथ्या दिवसापासून साधारण दोन आठवड्यांपर्यंत मेंदूच्या धमन्या आकसू शकतात. क्लॅझोसेन्टन या औषधाने ते आकसणं कमी झालं. पण 2011 साली मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा रुग्णांची अवस्था काही सुधारलेली नव्हती. मग पहिल्या तीन दिवसांकडे वळणं भागच होतं.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला एमआरआयपर्यंत नेणं मात्र सोपं नाही. एमआरआयच्या चुंबकाजवळ चालतील असेच औषधाचे पंप आणि व्हेंटिलेटर लागतात, आणि बराच वेळ सपाट झोपवल्याने कवटीतला दाब वाढू शकतो. हा धोका पत्करायचा की नाही, हे प्रत्येक रुग्णापुरतं ठरवावं लागतं.

आणखी एक गोष्ट नातेवाइकांना आवर्जून सांगायला हवी. डिफ्युजनमध्ये उजळलेला प्रत्येक डाग कायमचा नसतो, काही पुढच्या स्कॅनमध्ये दिसत नाहीत. म्हणून पहिल्या चित्रावरून 'आता आशा नाही' असं कुणी म्हणालं, तर पुन्हा स्कॅन कधी करणार, हे जरूर विचारा.