ऐकून घेणारा कॉमेडियन: बॉब न्यूहार्ट

आज ज्याच्याबद्दल बोलायचंय त्याचं नाव आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसेल, पण ज्यांनी द बिग बँग थिअरी ही अमेरिकन सिरियल बघितलीय त्यांनी त्याला नक्की बघितलंय. शेल्डन आणि लेनर्ड लहानपणी ज्याचा सायन्सचा प्रोग्रॅम बघायचे तो म्हातारा प्रोफेसर प्रोटॉन, तोच बॉब न्यूहार्ट. तेव्हा तो ८३ वर्षांचा होता, आणि हा आजोबा साधं दारात उभं राहून हसवतो कसा असं वाटलं असेल तर त्याचं उत्तर १९६० मध्ये आहे.

जन्म ५ सप्टेंबर १९२९, शिकागोला लागून असलेल्या ओक पार्कचा. लॉयोला युनिव्हर्सिटीतून १९५२ साली बिझनेस मॅनेजमेंटची डिग्री, मग आर्मी, आणि १९५४ ला बाहेर पडल्यावर अकाउंटंटची नोकरी. आता हा अकाउंटंट कसा, तर संध्याकाळी पेटी कॅशचा हिशोब जुळला नाही की दोन तास शोधत बसण्यापेक्षा खिशातून कमी पडलेले पैसे टाकून मोकळा व्हायचा. हा किस्सा तो स्वतःच सांगायचा, त्यामुळे त्यात थोडं मीठमसाला असणार हे धरून चाला. पुढे काही दिवस बेकारी भत्त्याच्या ऑफिसात क्लार्क होता, तिथे त्याच्या लक्षात आलं की काउंटरच्या पलीकडच्यांना जवळपास त्याच्याएवढेच पैसे मिळतात आणि त्यांना आठवड्यातून एकदाच यावं लागतं.

खरी सुरुवात झाली ती टाइमपासमधून. शिकागोत जाहिरातींची कॉपी लिहायचं काम करत असताना तो आणि त्याचा एक सहकारी फोनवर एकमेकांना काहीतरी भंकस प्रसंग रचून सांगायचे, मग ते रेकॉर्ड करून रेडिओ स्टेशनांना पाठवायला लागले, चाललं नाही, सहकारी दुसऱ्या नोकरीसाठी न्यूयॉर्कला गेला आणि फोनचं एक टोक रिकामं झालं. न्यूहार्टने दुसरा पार्टनर शोधला नाही, ते टोक रिकामंच ठेवलं, म्हणजे फोनवर बोलतो फक्त हा, पलीकडचा माणूस ऐकूच येत नाही. एकतर्फी फोन हा काही त्याचा शोध नाही हां, जॉर्ज जेसेल हा प्रकार कित्येक वर्षं आधी स्टेजवर करायचा आणि त्याच सुमारास शेली बर्मनही करत होता, आणि आपली स्टाइल न्यूहार्टने उचलली ही खंत बर्मनला बरीच वर्षं होती. पण दोघांना पाठोपाठ ऐका, फरक कळतो. बर्मनचा माणूस फोनवर वैतागतो, न्यूहार्टचा माणूस वैताग गिळतो.

शिकागोच्या डॅन सॉर्किन नावाच्या रेडिओ जॉकीने त्याच्या टेप वॉर्नर ब्रदर्सच्या रेकॉर्ड कंपनीपर्यंत पोचवल्या. ते म्हणाले, चला तुमच्या पुढच्या नाइटक्लबच्या शोमध्ये रेकॉर्ड करू. पंचाईत अशी की पुढचा सोडाच, त्याने नाइटक्लबमध्ये एकही शो केलेला नव्हता! शेवटी ह्यूस्टनचा टाइडलँड्स क्लब मिळाला आणि फेब्रुवारी १९६० मध्ये ते रेकॉर्डिंग झालं, द बटन-डाउन माइंड ऑफ बॉब न्यूहार्ट. बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या रेकॉर्ड विक्रीच्या यादीत, पहिल्या नंबरला गेलेला हा पहिला कॉमेडी अल्बम. लगेच दुसरा आला आणि काही काळ पहिला आणि दुसरा नंबर दोन्ही याचेच. १९६१ च्या ग्रॅमी या संगीताच्या पुरस्कारांत अल्बम ऑफ द इयर आणि बेस्ट न्यू आर्टिस्ट, म्हणजे गाणाऱ्यांच्या बक्षिसांवर एका अकाउंटंटने डल्ला मारला.

आता जरा थांबून तो नेमकं करतो काय ते बघू. त्याचं एक स्केच आहे, एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये नवीन लागलेला नाइट वॉचमन, नोकरीची पहिलीच रात्र, आणि नेमका त्याच रात्री किंग काँग बिल्डिंगवर चढतो. आपण असतो तर वॉचमनला किंचाळायला लावलं असतं. न्यूहार्टचा वॉचमन साहेबांना घरी फोन लावतो, इतक्या रात्री त्रास दिला म्हणून माफी मागतो आणि हा प्रकार मॅन्युअलमध्ये कुठे सापडत नाही म्हणून विचारतो. मग थांबतो. साहेब काय म्हणाले ते आपल्याला ऐकू येत नाही. साहेबांनी काय विचारलं असेल ते आपण मनात रचतो, आणि त्याचं पुढचं वाक्य आपल्या अंदाजाला बरोबर येऊन भिडतं तेव्हा हशा येतो. अर्धा विनोद प्रेक्षकाने केलेला असतो म्हणून तो प्रेक्षकाला जास्त आवडतो, असं माझं मत. ती गॅप अर्धा सेकंद लवकर संपली तर समोर कोणी नाही हे उघडं पडतं, जास्त लांबली तर नट वाक्य विसरला असं वाटतं. त्यात तो बोलताना अडखळायचा, तेही नाटक नव्हतं, त्याचं बोलणंच तसं होतं. टीव्हीवर एकदा एपिसोड लांबतोय म्हणून हे अडखळणं जरा कमी कर असं त्याला सांगितलं गेलं, तर याचं म्हणणं, याच अडखळण्यावर माझं बेव्हर्ली हिल्सचं घर उभं आहे.

टीव्हीवर मात्र तो पहिल्या झटक्यात बसला नाही. १९६१ मध्ये एनबीसी चॅनेलवर त्याच्याच नावाचा व्हरायटी शो आला, शोला एमी आणि पीबडी हे टीव्हीचे मोठे पुरस्कार मिळाले आणि एका सीझनमध्ये नारळही मिळाला. मग जवळजवळ दहा वर्षं क्लब, छोटे रोल आणि टुनाइट शो या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात होस्ट जॉनी कार्सन नसला की त्याच्या जागी बसणं.

१९७२ मध्ये सीबीएस चॅनेलवर द बॉब न्यूहार्ट शो सुरू झाला. मला सगळ्यात हुशारीचा वाटतो तो इथला निर्णय. त्याला सायकॉलॉजिस्ट केला! शिकागोतला डॉ. रॉबर्ट हार्टली, ज्याचा धंदाच समोरच्याचं ऐकून घ्यायचा. म्हणजे फोनचं रिकामं टोक भरून टाकलं, तिथे विचित्र पेशंट, नको तेव्हा टपकणारा शेजारी, आगाऊ रिसेप्शनिस्ट आणि त्याच्यापेक्षा चलाख बायको एमिली, म्हणजे सुझॅन प्लेशेट, अशी माणसं बसवली आणि याला फक्त रिअ‍ॅक्ट करायला ठेवला. पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकात रोझॅन बार, टिम अ‍ॅलन, साइनफेल्ड, रे रोमॅनो हे सगळे स्टँड-अपमधून आले, पण त्यांच्या सिरियली मुख्यतः त्यांच्या स्टेजवरच्या मटेरियलमधून आणि आयुष्यातून उभ्या राहिल्या. न्यूहार्टने मटेरियल आणलं नाही, फक्त ऐकायची पद्धत आणली. आणि मोठे पंच दुसऱ्यांना देऊन टाकले, जे भल्याभल्या कॉमेडियनना जमत नाही, सिरियलला नाव माझं आणि हशा त्याला, हे पचवायला कठीणच असतं.

शोमध्ये मुलं नकोत हा त्याचा हट्ट होता, गोंडस पोरं आणि मधला वेंधळा बाप हे त्याला करायचंच नव्हतं. तरी एकदा एमिलीला दिवस गेलेत असं स्क्रिप्ट आलं, त्याने वाचलं, चांगलं लिहिलंय म्हणाला आणि विचारलं, मग बॉबच्या रोलसाठी कोणाला घेताय? १९७८ पर्यंत सहा सीझन, १४२ एपिसोड.

दुसरी सिरियल न्यूहार्ट, १९८२ ते १९९०, व्हरमाँटमधल्या एका छोट्या गावात जुनं हॉटेल चालवणारा लेखक. फॉर्म्युला तोच, गाव वेडं आणि मधे हा एकटा शहाणा. तिचा शेवट बघाच. २१ मे १९९० च्या एपिसोडमध्ये सगळं गाव एक जपानी उद्योगपती विकत घेतो, हॉटेल सोडून सगळं गोल्फ कोर्स होतं, एक बॉल याच्या डोक्यात बसतो, अंधार. दिवा लागतो तेव्हा तो बेडवर आहे आणि शेजारी व्हरमाँटमधली बायको नाही, जुन्या सिरियलमधली एमिली आहे. आठ वर्षं म्हणजे डॉ. हार्टलीला पडलेलं स्वप्न! स्टुडिओतल्या प्रेक्षकांना काहीच कल्पना नव्हती, त्यांनी सुझॅन दिसायच्या आधीच ती जुनी बेडरूम ओळखली आणि टाळ्या सुरू झाल्या. आयडिया कोणाची, तर त्याच्या खऱ्या बायकोची, जिनीची, असं तो सांगायचा.

नंतरच्या दोन सिरियली, बॉब आणि जॉर्ज अँड लिओ, फार टिकल्या नाहीत, त्यावर वेळ घालवत नाही. २००६ च्या एमी सोहळ्यात मात्र त्याचा भारी वापर केला, त्याला हवाबंद काचेच्या पेटीत बसवून जाहीर केलं की आत तीन तासांपुरतीच हवा आहे, कार्यक्रम लांबला तर बॉब न्यूहार्ट जाणार. तो आत नुसता बसून होता, एक शब्द नाही, आणि हशा सगळा त्याला.

स्वतःसाठी पहिलं एमी त्याला २०१३ साली मिळालं, प्रोफेसर प्रोटॉनसाठी, वयाच्या ८४ व्या वर्षी. १८ जुलै २०२४ ला तो ९४ व्या वर्षी गेला. आता सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर सिरियलींपासून नको, आधी पहिला अल्बम लावा आणि त्यातलं ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरचं स्केच ऐका, गाडी चालवणारी बाई एक अक्षर बोलत नाही आणि तरी ती कुठे वळली, काय ठोकलं, सगळं दिसतं.