खुळखुळ्यावरची गर्दी

नमस्कार, श्रोतेहो. पावसाळा सरत आला की फुलं बघायला मंडळी कासला धावतात. जरूर जावं. पण आज मी बोलणार आहे ते माळावर, रस्त्याकडेला, पडीक प्लॉटवर उगवणाऱ्या खुळखुळ्याबद्दल. हा तागाचा भाऊबंद. पावसात उगवतो, पिवळाधमक फुलतो आणि शेंगांत बिया वाजायला लागल्या की वाळून जातो.

याच्या फुलाच्या खालच्या दोन पाकळ्या जुळून चोच झालेली असते आणि पराग त्या चोचीत कोंडलेला असतो. छोट्या माशीचं तिथे काही चालत नाही. काळा भुंगा येऊन बसला, की त्याच्या भारानं पाकळ्या दबतात आणि पराग चोचीच्या टोकातून थेट त्याच्या पोटावर येतो.

पण खरी गंमत फुलावर नाही, वाळक्या फांदीवर आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे ब्लू टायगर, कॉमन क्रो अशा फुलपाखरांची झुंबड उडते. मध नसलेल्या काडीवर एवढी गर्दी कशाला? तर विषासाठी! खुळखुळ्यात पायरोलिझिडिन जातीची अल्कलॉइड असतात. गुरांनी तो फार खाल्ला तर यकृत बिघडतं. ही फुलपाखरं मात्र वाळलेली पानं पायांनी खरवडतात, सोंडेतून थेंब सोडून ते विष विरघळवतात आणि पिऊन टाकतात.

पिणारे बहुतेक सगळे नर. मादीला भुलवायचा गंध त्यांना याच द्रव्यापासून तयार करायचा असतो. शिवाय अंगात विष असलं की पक्षी तोंड लावत नाहीत. मीलनात यातलं काही विष मादीला मिळतं आणि तिच्याकडून अंड्यांना. आहेर म्हणावा तर असा!

शेंगा पोखरणाऱ्या अळ्याही इथेच सापडतील. त्यांतल्या एकीचा पुढे लाल-काळ्या ठिपक्यांचा पांढरा पतंग होतो आणि तो दिवसाढवळ्या बिनधास्त उडतो. विषाचा भत्ता त्यानं अळी असतानाच बांधून घेतलेला असतो.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत आवाराकडेचा वाळका खुळखुळा लगेच उपटू नका. सकाळी ऊन चढल्यावर तिथे थांबा. नारिंगी प्लेन टायगर आलं तर मागच्या पंखाच्या मध्यावरचे काळे ठिपके मोजा. तीन असले तर मादी, चार असले तर नर. तो चौथा ठिपका म्हणजे त्याची गंधाची पिशवी.