कळतं, पण थांबता येत नाही

आज मी फ्रॅजाइल एक्स सिंड्रोमबद्दल बोलणार आहे. वारशाने येणाऱ्या बौद्धिक अक्षमतेचं हे सर्वांत जास्त आढळणारं कारण आहे. डाउन सिंड्रोम त्याहून अधिक दिसतो, पण तो बहुतेक वेळा पालकांकडून वारशाने आलेला नसतो. फ्रॅजाइल एक्स मात्र घराण्यातून चालत येतो. याचा उपयोग मला शेवटी होणार आहे.

जनुकाची बाजू थोडक्यात सांगतो. एक्स गुणसूत्रावर एफएमआर१ नावाचं जनुक आहे. ते १९९१ मध्ये सापडलं. त्यात सी-जी-जी हा तीन अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. बहुतेकांमध्ये ही आवर्तनं ४५ च्या आत असतात. ५५ ते २०० या टप्प्याला प्रीम्युटेशन म्हणतात. २०० च्या पुढे गेली की त्याला पूर्ण बदल म्हणतात. तेव्हा जनुक सहसा बंद पडतं, आणि चेतापेशींच्या जोडांवर इतर प्रथिनांच्या निर्मितीला लगाम घालणारं एक प्रथिन जवळजवळ तयारच होत नाही. मुलग्यांकडे एकच एक्स असतो, म्हणून त्यांच्यावर परिणाम जास्त होतो.

आता वर्गात या. शिक्षकांची तक्रार ठरलेली असते: ऐकत नाही, एका जागी बसत नाही, तेच तेच विचारतो. ‘बुद्ध्यंकच कमी आहे, मग हे असं होणारच’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण हे उत्तर अपुरं आहे. या मुलग्यांची तुलना त्यांच्याच मानसिक वयाच्या, म्हणजे वयाने बऱ्याच लहान मुलांशी केली, तरी स्वतःला थांबवणं, एका गोष्टीवरून दुसरीकडे वळणं आणि माहिती क्षणभर मनात धरून वापरणं यांत ते मागे पडतात. या तिन्हींना मिळून एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात, आणि तिथली अडचण बुद्ध्यंकाच्या हिशेबात पूर्णपणे मावत नाही.

लहान मुलांसाठी एक चाचणी आहे. सूर्याचं चित्र दिसलं की ‘रात्र’ म्हणायचं आणि चंद्र दिसला की ‘दिवस’. बस्स, एवढाच नियम. हा नियम तोंडपाठ सांगणारं मूलही सूर्य दिसताक्षणी ‘दिवस’ म्हणून मोकळं होतं. नियम माहीत असतो, पण तोंडावर आलेलं उत्तर मागे ओढायला जी ताकद लागते ती कमी पडते. फ्रॅजाइल एक्स असलेला मुलगा शेजाऱ्याला ढकलतो, ‘सॉरी’ म्हणतो आणि मिनिटभरात पुन्हा ढकलतो, तेव्हा ती माफी खोटी होती असं मोठी माणसं ठरवतात. मला ते पटत नाही. माफी खरी असते, आणि पुढचं ढकलणंही ठरवून केलेलं नसतं. अशा वेळी ‘किती वेळा सांगितलं तुला’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण अडचण माहितीची नाहीच. दोघांच्या बसण्यात अंतर ठेवल्याने जास्त काम होतं.

एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्यामागे मन न वळणं जसं असतं, तशी चिंताही असते. पुढे काय होणार हे चित्रांनी समोर लावून ठेवलं की पुष्कळदा प्रश्न कमी होतात.

तिसऱ्या गोष्टीवर, म्हणजे माहिती मनात धरण्यावर, मात्र मला जरा थांबायचंय, कारण या मुलांची ताकदही तिथेच दिसते. ‘दप्तर ठेव, हात धू आणि वही घेऊन ये.’ यातलं एखादंच काम होतं, बाकीची वाटेत गळतात. एकामागून एक येणारे टप्पे क्रमाने मनात धरणं त्यांना फार जड जातं, म्हणून गणितही अवघड होतं. पण हाच मुलगा नेहमीच्या वाटेवर एक वळण चुकलं तर लगेच ओळखतो, आणि ऐकलेला संवाद सुरासकट म्हणून दाखवतो. एकत्र, संपूर्ण समोर आलेलं त्याला पकडता येतं. मग शिकवतानाही पूर्ण गोष्ट आधी दाखवावी. अक्षराला अक्षर जोडण्याऐवजी अख्खा शब्द चित्रासोबत द्यावा. शर्ट घालायला शिकवताना बाकी सगळं आपण करावं आणि शेवटचं बटण त्याच्यासाठी ठेवावं. ते जमलं की शेवटची दोन.

आणखी एक. ‘माझ्याकडे बघून उत्तर दे’ हे या मुलाला सांगण्यासारखं वाक्य नाही. नजरेला नजर भिडली, थेट प्रश्न आला की त्याच्या शरीरात खळबळ उडते, आणि जी थोडी पकड असते तीही सुटते. त्याच्या शेजारी बसा. ‘जेवण झालं की आपण...’ एवढं म्हणून थांबा. बहुतेक वेळा वाक्य तोच पुरं करतो.

पालकांना वयानुसार घसरत जाणारा बुद्ध्यंक घाबरवतो. बहुतेकदा कौशल्यं हरवत नसतात, चाचणी समवयस्कांशी तुलना करते आणि ते अधिक वेगाने पुढे जात असतात. स्मरणशक्ती वाढवणाऱ्या संगणकी खेळांचंही सांगतो. खेळातले गुण वाढतात, रोजच्या वागण्यात तेवढा फरक उतरत नाही. त्या पैशांत भिंतीवर मोठा फळा लावलेला मला जास्त आवडेल. लक्ष आणि चंचलतेवरच्या औषधांनी काहींना फायदा होतो, ते तज्ज्ञांशी बोलूनच ठरवावं.

आता घराण्याकडे येऊ. पूर्ण बदल असलेल्या अनेक मुलींचा बुद्ध्यंक सर्वसाधारण मर्यादेत असतो, पण गणित, नियोजन आणि बुजरेपणा यांत त्या अडकतात आणि शाळेच्या नजरेतून सुटतात. प्रीम्युटेशन असलेल्या काही पुरुषांना पन्नाशीनंतर हातांचा कंप आणि तोल जाण्याचा त्रास सुरू होतो. त्याचं वर्णन प्रथम २००१ मध्ये झालं. त्यातही नियोजन आणि स्वतःला आवरणं ढासळतं. म्हणजे नातवाचा आणि आजोबांचा त्रास एकाच जनुकापाशी पोचू शकतो.

आणि आई? मुलाला पूर्ण बदल तिच्याकडूनच आलेला असतो, त्यामुळे ती स्वतः वाहक असते. प्रीम्युटेशन असलेल्या काही स्त्रियांनाही अनेक कामं एका वेळी सांभाळताना अडचण जाणवते. अशा घरी शाळा आठ मुद्द्यांचं पत्रक पाठवते, आणि दोन आठवड्यांनी ‘पालक सहकार्य करत नाहीत’ असा शेरा लिहिते. वर्गात लावलेली चित्रपट्टी घरीही द्या. या आठवड्यासाठी एकच गोष्ट ठरवा, ती अंगवळणी पडली की पुढच्या गोष्टीचं बघता येईल.