खाडीचे पाणी आणि संगणकातली यादी
(रत्नागिरी येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

जीवशास्त्र आणि संगणकशास्त्र यांच्या सीमेवर काम करणाऱ्या संशोधकाने एकीकडची फाइल दुसरीकडे पोचवावी, एवढीच अपेक्षा अनेकदा असते. नमुने जीवशास्त्रज्ञ आणतील, आज्ञावली संगणकवाले लिहितील. मला हा समज घातक वाटतो, कारण आमच्या विषयातले अवघड प्रश्न नेमके त्या पोचवण्यात दडलेले असतात.

आपल्या भाट्याच्या खाडीचेच घ्या. माशांच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव, विष्ठा आणि झडलेल्या पेशी यांतून त्यांचा डीएनए सतत पाण्यात मिसळत असतो. लिटरभर पाणी अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळले, की त्यातला बराचसा डीएनए गाळणीवर राहतो. पावसाळ्यात मात्र गाळाने ती लवकर चोंदते आणि अर्ध्या लिटरवरच थांबावे लागते. पुढे माशांच्या 12एस या जनुकातला सुमारे 170 अक्षरांचा तुकडा पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या रीतीने, वाढवून वाचतात, आणि प्रत्येक तुकडा ज्ञात माशांच्या डीएनएच्या संग्रहाशी ताडून पाहतात.

ताडून पाहण्याचे शास्त्र भक्कम आहे. दोन अनुक्रम, म्हणजे डीएनएतल्या अक्षरांच्या ओळी, एकमेकांशी जुळवण्याची गणिती रीत नीडलमन आणि वुन्श यांनी 1970 मध्ये मांडली, आणि 1990 मध्ये ब्लास्ट ही आज्ञावली आल्यावर प्रचंड संग्रहातून सारखे तुकडे झटपट शोधता येऊ लागले. परंतु ब्लास्ट संग्रहात जे आहे त्यातलेच सर्वांत जवळचे नाव देणार. आपल्याकडची एखादी बोय संग्रहात नसेल, तर तिच्या जागी दूरच्या समुद्रातल्या भाऊबंदाचे नाव यादीत येते. 170 पैकी 165 अक्षरे जुळली तर जुळणी 97 टक्के होते. हा आकडा पाहून संगणकाचा विद्यार्थी समाधान मानतो, पण एवढ्याशा तुकड्यात 5 अक्षरांचा फरक म्हणजे जातच वेगळी असू शकते. उलट, काही जवळच्या जातींचा हा तुकडा अक्षरशः सारखाच असतो, आणि तिथे कितीही चांगली आज्ञावली त्यांना वेगळे करू शकत नाही. हे ओळखायला अनुक्रमही कळावा लागतो आणि मासाही.

तीच गोष्ट संख्येची. फाइलमध्ये बांगड्याचे तुकडे दहापट दिसले म्हणून पाण्यात बांगडा दहापट होता, असे म्हणता येत नाही, कारण पीसीआर सगळ्या जातींचा डीएनए सारख्या प्रमाणात वाढवत नाही.

आणि वेळ? नमुन्यासोबत आम्ही तारीख आणि घड्याळातली वेळ लिहितो, तेवढ्याने संगणकाचा रकाना भरतो. खाडीला घड्याळ लागू नाही. भरतीला समुद्राकडचे पाणी आत येते, ओहोटीला वरच्या अंगाचे पाणी खाली उतरते, आणि त्यानुसार माशांची यादी बदलू शकते. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा हिशेब आपल्या किनाऱ्यावर जुनाच आहे: चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. आज आमच्या तक्त्यात भरतीपासून किती तास झाले याचा स्वतंत्र रकाना आहे, आणि विश्लेषणात तो तारखेपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

म्हणून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी सांगतो, की पायथन ही संगणकाची भाषा शिका, संख्याशास्त्र तर शिकाच, पण पहिले काही महिने नमुन्यांमागे हिंडा. आम्हाला सध्या सर्वांत जास्त गरज आहे ती स्थानिक संग्रहाची. मिरकरवाड्याच्या बंदरावर उतरणाऱ्या मासळीतून एकेक जात घ्यायची, जाणकाराकडून ती ओळखून घ्यायची, तिच्या पराचा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवायचा आणि अख्खा मासाही जपून ठेवायचा. पुढे अनुक्रमाविषयी शंका आली, तर कोणालाही तो मासा बरणीतून काढून पुन्हा तपासता आला पाहिजे.