माणशी अर्धा एकर

इथे बसलेल्या बऱ्याच जणांनी नालाबांध, शेततळी, पाझर तलाव यांची कामं स्वतः उभी राहून करून घेतली आहेत. पाणी कसं अडवायचं हे मी तुम्हाला सांगायला नको. पाणी अडल्यावर गावात जो प्रश्न उभा राहतो, त्यावर मला बोलायचं आहे. हे पाणी कुणाचं?

पुरंदर तालुक्याचा पूर्वेकडचा भाग पर्जन्यछायेतला. १९७२च्या दुष्काळात तिथले शेतकरी रोजगाराच्या कामावर खडी फोडत बसले होते. पुण्याचे इंजिनिअर आणि उद्योजक विलासराव साळुंखे यांनी ते पाहिलं. एवढे हात कामाला लागलेत, पण ज्या जमिनीवरून पाणी वाहून जातं तिला कुणीच हात लावत नाही, हे त्यांना खटकलं. नायगावात त्यांनी देवस्थानची ४० एकर उजाड जमीन कराराने घेतली. उतारावर बांधबंदिस्ती केली, पायथ्याशी पाझर तलाव केला, त्याखाली विहीर घेतली आणि विहिरीचं पाणी उपसून परत माळावर नेलं. माळ पिकायला लागला. आज अशी कामं अनेक गावांत दिसतात.

यातूनच साळुंखेंची पाणी पंचायत उभी राहिली, म्हणजे पाणी वाटून घेणारे शेतकऱ्यांचे गट. ती वेगळी ठरली ती तिच्या वाटपाच्या नियमांमुळे. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचं नाही, माणसं मोजून द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरतं. तुमची वीस एकर असो की दोन, पाणी खाणाऱ्या तोंडांच्या हिशेबाने. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, तो गटाकडे परत येईल. योजनेच्या खर्चातला २० टक्के वाटा लाभधारकांनीच उचलायचा. आणि ज्याला गुंठाभरही जमीन नाही, त्यालाही पाण्याचा वाटा.

या शेवटच्या नियमाशी मी नेहमी थांबतो. जमीनच नाही तर तो पाणी घेऊन करणार काय, असं लोक हमखास विचारतात. आता डोळ्यांपुढे आणा, एका विधवा बाईला शेत नाही, पण तिच्या घरात चार माणसं आहेत, म्हणजे दोन एकरांचं पाणी तिच्या नावावर आहे. शेजाऱ्याची जमीन पडून आहे आणि त्याच्या वाट्याचं पाणी त्या जमिनीला पुरत नाही. आता ती बाई त्याच्या बांधावर मजुरी मागायला जात नाही. माझं पाणी, तुझी जमीन, पिकात वाटा किती, ते बोल, असं म्हणायला जाते. ज्याला गावात आजवर कुणी विचारलं नाही, त्याला वाटाघाटीला बसायची जागा मिळते. माझ्या मते टिकाऊ विकासाची खरी कसोटी इथे लागते, आणि आपले बहुतेक प्रकल्प तिथवर पोचतच नाहीत.

हे सगळं शेवटी पाटकऱ्याच्या, म्हणजे पाळीप्रमाणे पाणी सोडणाऱ्या माणसाच्या वहीवर चालतं. अशा एका गावात मी त्याच्याबरोबर रात्रभर फिरलो आहे. वीज रात्रीची, म्हणून दारंही रात्रीच धरायची, म्हणजे सरीसरीत पाणी वळवायचं. एका हातात बॅटरी, काखेत वही. प्रत्येक नावापुढे तास मांडलेले. एक वजनदार गृहस्थ म्हणाले, ‘अर्धा तास वाढव, माझा कांदा करपतोय.’ पाटकऱ्याने वहीच त्यांच्यापुढे धरली. पुढचं नाव मजुरी करणाऱ्या कुटुंबाचं होतं. ते गृहस्थ काही न बोलता बाजूला झाले, आणि त्याने फावड्याने दारं मोडून पाणी पुढच्या सरीत सोडलं.

सगळं असंच सुरळीत राहिलं, असं मी सांगणार नाही. अनेक उपसा योजना पुढे बंद पडल्या. वीजबिलं थकली, पंप जळाले. हक्काचं पाणी सोडून एकेकाने आपापली बोअर मारली. बोअरच्या पाण्याला ना वही, ना पाटकरी. शंभर फुटांवर लागणारं पाणी शेजाऱ्याचंही आहे, हे त्याला सांगणार कोण? नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने सिंचनासाठी बोअर घ्यायला बंदी केली आणि दरवर्षी पावसाचं पाणी मोजून, ग्रामसभेत ताळेबंद मांडून पिकं ठरवली. तिथे तेव्हाचे सरपंच पोपटराव पवार यांच्या पाठीशी ग्रामसभा उभी राहिली, म्हणून ते झालं.

विलासराव २००२ साली गेले. त्यानंतर त्यांच्या पत्नी कल्पनाताई साळुंखे यांनी काम पुढे नेलं. आता तुमच्या गावच्या तलावाचं बोलू. यंदा तो भरलाय, असं मघाशी कुणीतरी म्हणालं. त्यातलं पाणी कुणाकुणाच्या नावावर आहे, भूमिहीनांची किती घरं त्यात आहेत, हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. ज्यांच्याकडे वही असेल त्यांनी पुढे यावं.